अरेप्यांसाठी ‘आरिना पान’ : खान्देशातल्या तव्यावर हे पीठ कसे उतरते

व्हेनेझुएलातला अरेपा घरी करायचा झाला तर सारण, तवा आणि भट्टी यांच्या आधी पिठाचा प्रश्न सोडवावा लागतो. जगभर पांगलेले व्हेनेझुएलन लोक त्यासाठी ज्या पिवळ्या पाकिटाचे नाव घेतात, त्या ‘आरिना पान’ या पिठाचे हे परीक्षण आहे. मक्याचे पीठ खान्देशाला नवे नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत खरिपात आणि रब्बीतही मका उभा असतो, दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे, आणि सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात मक्याची भाकरी रोजच्या जेवणातली आहे. दाराशी इतका मका असताना सातासमुद्रापलीकडून आलेले मक्याचे पीठ महाग दराने का घ्यावे, हा प्रश्न आमच्या घरी पाकीट फोडण्याआधीच विचारला गेला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पीठ तयार करण्याच्या पद्धतीत आहे.

आधी पदार्थाविषयी थोडे. अरेपा ही मक्याची जाड, गोल चकती. तळहाताएवढी रुंद आणि सुमारे दीड सेंटिमीटर जाड. ती तव्यावर भाजतात, बाजूने चिरतात आणि आतल्या पोकळीत सारण भरतात. कोलंबियातही अरेपा होतो, पण तिथल्या बहुतेक भागांत तो पातळ असतो आणि वर काहीतरी घालून किंवा नुसताच खाल्ला जातो. पोट चिरून भरण्याची रीत मुख्यतः व्हेनेझुएलाची. स्पॅनिश लोक त्या खंडात पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी मक्याच्या अशा चकत्या भाजून खात होते. आजही व्हेनेझुएलातल्या घरांत न्याहारीला आणि रात्रीच्या जेवणाला अरेपा असतो.

आपल्या चक्कीवरचे मक्याचे पीठ कच्च्या दाण्याचे असते. त्यात गव्हासारखे ग्लूटेन नसल्यामुळे गार पाण्यात भिजवले की ते धरत नाही, गोळा भुरभुरतो. म्हणून आपल्याकडे मक्याची किंवा शिळ्या ज्वारीची भाकरी करताना उकळते पाणी घालून उकड घेतात. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि थापताना भाकरी तुटत नाही. ‘आरिना पान’मध्ये हेच काम कारखान्यातच उरकलेले असते. दाण्याचे साल आणि अंकुर काढून टाकतात, उरलेला पिठूळ भाग वाफेवर शिजवतात, रुळांमधून दाबून त्याचे पोहे करतात, ते वाळवतात आणि मग दळतात. त्यामुळे हे पीठ गार किंवा कोमट पाण्यातच पाणी धरते आणि काही मिनिटांत लोण्यासारखा मऊ, एकसंध गोळा होतो. उकडीसाठी पातेले चढवावे लागत नाही आणि गरम पिठाने हात पोळत नाहीत. पाकिटाच्या किमतीत आपण मुख्यतः या आधी शिजवण्याचे पैसे देतो, हे लक्षात घेतले तर किमतीविषयीची तक्रार बरीच निवळते.

या पिठाचा इतिहासही त्याच श्रमांशी बांधलेला आहे. पूर्वी व्हेनेझुएलातल्या बाया लाकडाच्या उंच उखळात मका कांडत, साल आणि अंकुर पाखडून वेगळा करत, उरलेली कणी शिजवत आणि ती पुन्हा वाटून गोळा करत. सकाळच्या अरेप्यासाठी आदल्या दिवसापासून खपावे लागे. लुइस काबायेरो मेहियास या व्हेनेझुएलन अभियंत्याने वाळवलेल्या शिजक्या मक्याच्या पिठाचे पेटंट १९५४ मध्ये मिळवले. पुढे ‘एम्प्रेसास पोलार’ या उद्योगसमूहाने डिसेंबर १९६० मध्ये ‘आरिना पान’ बाजारात आणले. हा समूह मूळचा बिअर गाळणारा. बिअरसाठी लागणारे मक्याचे पोहे तो आरागुआ राज्यातल्या तुर्मेरो येथील आपल्या कारखान्यात आधीपासूनच तयार करत होता, आणि तेच यंत्रज्ञान घरच्या स्वयंपाकाकडे वळले. पाकिटावरची ठिपक्यांचा रुमाल बांधलेली बाई तेव्हापासून व्हेनेझुएलाच्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओळखीची झाली. गेल्या दशकात तिथली अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा याच पिठासाठी दुकानांबाहेर लांबच लांब रांगा लागल्या, सत्तर लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली आणि जिथे गेली तिथे हे पीठ मागू लागली. आपल्यापर्यंत हे पाकीट पोहोचण्यामागे त्या स्थलांतराचा मोठा वाटा आहे, याची जाणीव ठेवूनच मी ते हाताळते.

आता पीठ प्रत्यक्षात कसे वागते ते सांगते. प्रमाण सोपे आहे : एक वाटी पिठाला सव्वा वाटी पाणी आणि चवीपुरते मीठ. क्रम मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण परातीत पीठ घेऊन त्यात पाणी ओततो. इथे आधी पाणी घ्यायचे, त्यात मीठ विरघळवायचे आणि एका हाताने पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने ते फिरवत राहायचे. असे केल्याने गुठळ्या होत नाहीत. सुरुवातीला मिश्रण इतके सैल दिसते की आणखी मूठभर पीठ घालण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. पाच ते दहा मिनिटे झाकून ठेवले की पीठ पाणी पिऊन घट्ट होते. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते जास्तच पाणी मागते. आमच्या सासूबाईंचा हात दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरीवर बसलेला आहे. त्यांनी मुरलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा तळहातांत दाबला, कडेला पडलेली बारीक भेग निरखली आणि लगेच म्हणाल्या, “पीठले आखो पानी लागी.” त्यांचे म्हणणे अचूक होते. भाकरीच्या पिठाला भेगा पडल्या तर आपण ते तळहाताच्या टाचेने आणखी रगडतो. या पिठाला रगडून विशेष उपयोग होत नाही, त्याला चमचाभर पाणीच द्यावे लागते. दाबलेल्या गोळ्याची कड अखंड राहिली की पीठ बरोबर झाले, आणि ही परीक्षा पाकिटावरच्या कोणत्याही मापापेक्षा भरवशाची आहे.

थापतानाही सवय बदलावी लागते. भाकरीखाली आपण कोरडे पीठ भुरभुरतो, पण अरेप्याला कोरडे पीठ अजिबात लावायचे नाही, कारण ते पृष्ठभागावर कच्चेच राहते आणि सालीला खमंगपणा येऊ देत नाही. हात पाण्याने ओला करून गोळा दोन्ही तळहातांमध्ये फिरवत चपटा करायचा आणि कडा बोटाने गोलाकार गुळगुळीत करत जायच्या. पिठाची खरी गुणवत्ता मला इथे जाणवली. दळण अतिशय एकसारखे आहे, त्यात कुठेही जाड कण लागत नाही, आणि ओल्या हाताखाली चकती इतकी तकतकीत होते की भाजण्यापूर्वीच तिचा आकार पक्का झालेला असतो. भाकरी थापता न येणाऱ्या माझ्या पुतण्यालाही ती जमली.

भाजण्यासाठी व्हेनेझुएलात बुदारे नावाचा सपाट तवा वापरतात. पूर्वी तो मातीचा असे, आता बहुधा बिडाचा असतो. आपला बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा त्याच कामाचा आहे. पातळ निर्लेप तव्यावर साल नीट धरत नाही. तवा चांगला तापवून तेलाचा नुसता हात फिरवायचा, चकत्या ठेवायच्या आणि आंच मध्यमाहून थोडी कमी करायची. भाकरीसारखी मोठी आंच इथे घातक ठरते, कारण वरचे साल करपते आणि दीड सेंटिमीटरचे पोट कच्चे राहते. पाच-सहा मिनिटे चकतीला हात लावू नये. साल धरले की ती तव्यावर आपोआप सरकते. सरकत नसेल तर उलथने घालून ओढू नये. दोन्ही बाजूंना सोनेरी-तपकिरी डाग आले की पुढचा टप्पा भट्टीचा : १८० अंश सेल्सिअसला साधारण पंधरा मिनिटे. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांच्यासाठी झाकण ठेवून भाजण्याचा उपाय सांगितला जातो, पण झाकणाखाली वाफ कोंडते आणि मेहनतीने आणलेले साल मऊ पडते. मला त्यापेक्षा पापड भाजायची जाळी अधिक पटली. मंद आंचेवर जाळी ठेवून चकत्या उलटसुलट आणि कडेवर उभ्या फिरवल्या की साल कडक राहते आणि आतपर्यंत उष्णता पोहोचते. अरेपा झाला की नाही हे आवाजावरून कळते : बोटाने टिचकी मारली की पोकळ, ढबढब असा आवाज यावा.

भाजलेला अरेपा मिनिटभर निवू द्यावा आणि मग धारदार सुरीने कडेने चिरावा, मात्र पूर्ण कापू नये. एका बाजूचा सांधा राहू द्यावा. आत वाफाळता, ओलसर, पांढराशुभ्र गर दिसतो. तो भाकरीसारखा सुटा नसतो आणि पावासारखा फुसफुशीतही नसतो. पहिल्या वेळी खाणाऱ्याला तो अर्धवट शिजल्यासारखा वाटू शकतो, पण ओलसरपणा हाच त्याचा धर्म आहे. गर फार जाड वाटला तर थोडा खरवडून काढावा आणि लगेच आत लोणी फासावे. मक्याचा वास पांढऱ्या पिठात सौम्य असतो. याच कंपनीचे पिवळ्या मक्याचे पीठही मिळते आणि त्याची चव अधिक ठसठशीत असते, तरी व्हेनेझुएलातला रोजचा अरेपा पांढऱ्याचाच, म्हणून सुरुवात पांढऱ्यापासून करावी असे मी सुचवेन.

सारणांत ‘रेइना पेपियादा’ सर्वांत नामांकित आहे. उकडून पिंजलेली कोंबडी, पिकलेले अव्होकाडो आणि मेयोनेज यांचे हे मिश्रण काराकासमधल्या एका अरेपा-दुकानात तयार झाले, आणि १९५५ मध्ये ‘मिस वर्ल्ड’ ठरलेल्या सुसाना दुइहम हिच्या सन्मानार्थ त्याला हे नाव मिळाले. हा किताब मिळवणारी ती पहिली लॅटिन अमेरिकन स्त्री होती. जळगावात अव्होकाडो हल्ली मिळतो, पण अनेकदा दगडासारखा कडक असतो, म्हणून तो चार दिवस आधी आणून पिकवावा लागतो. ‘दोमिनो’ हे काळ्या घेवड्याच्या उसळीचे आणि किसलेल्या पांढऱ्या चीजचे सारण आपल्याकडच्या शाकाहारी घरांसाठी जास्त सोयीचे आहे. काळा राजमा मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा राजमा चालतो; कांदा, लसूण आणि जिरे एवढ्यावरच तो परतावा, आपला गरम मसाला घालू नये. तिथले पांढरे चीज खारट आणि घट्ट असते, त्याच्या जवळ जाण्यासाठी पनीर दाबून पाणी काढावे, मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग किसावे. ‘पेरिको’ म्हणजे कांदा-टोमॅटोत परतलेली अंडी. ती आपल्या बुर्जीच्या इतकी जवळ आहे की तिच्याविषयी वेगळे सांगायला नको.

खान्देशातले सारण भरायचे झाले तर माझी निवड भरीत. यात मी जरा आग्रही आहे. जळगावच्या हिरव्या, कमी बियांच्या वांग्याचे, काट्याकुट्यांवर भाजून लाकडी भांड्यात ठेचलेले, हिरव्या मिरचीची फोडणी, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेले भरीत अरेप्याच्या पोटात अतिशय शोभते. भरताचा धुरकट तिखटपणा आणि मक्याचा सौम्य गोडवा एकमेकांना सांभाळून घेतात, आणि वरचे कडक साल भरताचे तेल बाहेर येऊ देत नाही. भरीत मात्र घट्ट हवे; पाणी सुटलेल्या भरताने अरेप्याचे बूड दहा मिनिटांत ओले होते. शेवभाजी अरेप्यात भरू नये. तिचा रस्सा हीच तिची शान आहे आणि रस्सा या पदार्थाला सोसत नाही. घोटलेल्या उडदाच्या डाळीचेही तेच.

याच पिठाचा एक गोड प्रकारही होतो. व्हेनेझुएलात पापेलोन म्हणजे उसाचा न शुद्ध केलेला गूळ आणि बडीशेपेच्या चवीचे बी घालून छोटे, पातळ अरेपे तळतात. आपला गूळ पाण्यात विरघळवून, त्यात भरड कुटलेली बडीशेप घालून मी ते केले. तेल मध्यम तापलेले असेल तर ते पुरीसारखे फुगतात. लहान मुलांना सारणाच्या अरेप्यापेक्षा हेच अधिक आवडले.

आता मूळ प्रश्नाकडे येते : हे पाकीट न घेता आपल्या मक्यातून अरेपा होतो का? चक्कीच्या पिठाची उकड घेऊन केला तर होतो, पण त्याचा पोत भाकरीचा राहतो. जाड थापल्यावर आतला भाग रवाळ आणि कोरडा लागतो आणि चिरताना मोडतो. किराणा दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ मागितले तर नुसता पांढरा स्टार्च हाती येतो, त्याचा अरेप्याशी काही संबंध नाही. मेक्सिकोच्या टॉर्टियासाठी मिळणारे ‘मासा’चे पीठही वेगळे, ते चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याचे असते आणि त्याला स्वतःचा ठळक वास असतो. खरा पर्याय व्हेनेझुएलाच्या जुन्या पद्धतीचाच आहे, आणि खान्देशात तो अवघड नाही. वाळलेला मका चक्कीवर जाड भरडून आणायचा, सुपात पाखडून कोंडा आणि हलका अंकुर जमेल तेवढा काढायचा, कणी रात्रभर भिजवायची, सकाळी मऊ पण अखंड राहील इतपत शिजवायची, पाणी पूर्ण निथळून गार करायची आणि मिक्सरमध्ये पाणी न घालता थोडी थोडी वाटायची. जो गोळा तयार होतो त्याला ताज्या मक्याचा असा दाट स्वाद असतो की त्या बाबतीत पाकिटातले पीठ मागे पडते. पोत मात्र थोडा खडबडीत राहतो. बाजारातला आपला मका बहुतांशी पिवळा, संकरित आणि कोंबडीखाद्यासाठी किंवा स्टार्चसाठी पिकवलेला असल्यामुळे साल चिवट असते आणि शिजायला वेळ लागतो. सातपुड्याच्या बाजूचा पांढरा देशी मका मिळाला तर तोच घ्यावा.

माझे मत असे की पहिल्यांदा ‘आरिना पान’ अवश्य घ्यावे. पीठ किती मऊ हवे, कड कशी दिसावी, गर किती ओला असावा, हे हाताला एकदा कळले पाहिजे, आणि ते चुकतमाकत शिकवण्याऐवजी हे पीठ थेट दाखवून देते. हात बसल्यावर सणावाराला किंवा रविवारी घरच्या मक्याचा घाट घालावा आणि घाईच्या दिवसासाठी पाकीट फडताळात असू द्यावे. रोजच्या भाकरीऐवजी खाण्याचे हे पीठ नव्हे. साल आणि अंकुर काढलेला असल्यामुळे त्यात तंतू कमी असतात, त्यामुळे ज्वारी-बाजरीची जागा त्याने घ्यावी असे मी म्हणणार नाही. मात्र गव्हातले ग्लूटेन ज्यांना चालत नाही, त्यांना पावासारखा हातात धरून खाण्याजोगा पदार्थ यातून मिळतो, आणि अशा घरासाठी किमतीचा विचार वेगळा होतो.

किंमत चक्कीवरच्या मक्याच्या पिठाच्या अनेक पट पडते, कारण माल परदेशातून येतो आणि दुकानात सहसा मिळत नसल्यामुळे घरपोच मागवावा लागतो. एक किलोच्या पाकिटातून मध्यम आकाराचे वीसेक अरेपे होतात, म्हणजे चार माणसांच्या घराला दोन-तीन जेवणे पुरतात. ऑनलाइन शोधताना रोमन लिपीतल्या नावाचे पहिले अक्षर ‘एच’ असते, उच्चारात ते येत नाही. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला मुदतीची तारीख विचारून घ्यावी. एका विक्रेत्याकडून मला मुदत संपत आलेले पाकीट आले होते आणि त्याला मक्याचा वासच उरलेला नव्हता. अंकुरातले तेल काढलेले असल्यामुळे हे पीठ आपल्या मक्याच्या पिठाइतके लवकर कडवट होत नाही, तरी जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात फोडलेले पाकीट हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलेले बरे. भिजवलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो. थापलेल्या कच्च्या चकत्या मधे कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवल्या, तर त्या तशाच गोठलेल्या मंद आंचेवर टाकता येतात, फक्त प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे अधिक द्यावी लागतात.